पंचेचाळीसचा ब्लोअर

"ऑपरेटरना सांगा, हवा आणखी वाढवा," इंजिनिअर बाई मॅनेजरला म्हणाली.

"बाईंना सांगा, काटा टोकाला टेकलाय," ऑपरेटरही मॅनेजरलाच म्हणाला.

दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं. मॅनेजरने कपाळावर हात मारला. या नवरा-बायकोचा अबोला पाच महिने सगळा कारखाना बघत होता, पण निरोप्याचं काम गळ्यात पडायची त्याची ही पहिलीच वेळ.

नवं यंत्र मख्ख उभं होतं. बियाणं वाळवायचं यंत्र. तळाशी निमुळतं झालेलं मोठं नळकांडं, त्यात छातीच्या उंचीपर्यंत भरलेलं बी, आणि खालच्या भोकातून गरम हवा. हवेचा जोर पुरला की मधलं बी कारंज्यासारखं उसळतं, कडेला पडतं, भिंतीलगत खाली सरकतं आणि पुन्हा उसळतं. आज हवेच्या मीटरवर पंचेचाळीस होते आणि एक दाणा हलत नव्हता.

हवेचा आणि दाण्यांचा हा खेळ बाईने कॉम्प्युटरवर मांडला होता. एकेका दाण्याचं गणित. गणित म्हणालं, कारंजं चाळीसवर मजेत चालतं, हवा फुंकणारा ब्लोअर पंचेचाळीसचा पुष्कळ झाला. तसा आणला.

"वरून निरोप आलाय," मॅनेजर म्हणाला. "ज्याची चूक निघेल तो उद्यापासून कामावर नको. आजच्या आज ठरवायचंय."

दोघांनीही मान हलवली. दोघांनाही दुसऱ्याचीच चूक दिसत होती.

अबोलाही साधासुधा नव्हता. सकाळी दोघं एकाच स्कूटरवर येत, मध्ये डब्याची पिशवी. घरी सासूबाई टपालखातं चालवत. 'त्याला सांगा मीठ सरकव' इकडून, 'तिला सांग गॅस संपला' तिकडून. कारण त्या माउलीलाही कळलं नव्हतं. कारखान्यात कुणी म्हणे माहेरचं काही असेल. कुणी म्हणे बायको शिकलेली आणि आपण यंत्रावर, ते त्याला खुपतं. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं. त्याला विचारावं तर तो भिंतीकडे बघायचा. एक गोष्ट दोनदा सांगणारा तो माणूसच नव्हता.

"बाईंना सांगा, बी कॉम्प्युटरवरच वाळवून घ्या," तो म्हणाला. मागे दोघं-तिघं फिसकन हसले.

तिचे कान तापले. "ऑपरेटरना सांगा, भरताना बी ठोकून बसवलं की असंच होतं. मुद्दाम करायचं म्हटलं की सगळं जमतं."

हे ती रागाने बोलली नाही, तिला मनापासून तसं वाटत होतं. हा माणूस आपल्या वाईटावर टपलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तो शेजारच्या जुन्या यंत्रापाशी गेला. "साहेब, इकडे या." आकार तोच, बीही तेवढंच, ब्लोअर मात्र जुना आणि दांडगा. त्याने झडप हळूहळू उघडली. चाळीस. काही नाही. पन्नास. काही नाही. पंचावन्नच्या पुढे थर फुगला, आतून गुरगुरला, आणि साठला मधोमध फुटून बी वर उसळलं. मग तो झडप फिरवत मागे आला. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. कारंजं बुटकं झालं, पण चालूच राहिलं.

"बंद यंत्राचं तोंड फोडायला साठ लागतात," तो म्हणाला. "एकदा फुटलं की चाळीस पुरतात. इथल्या हमालालाही हे ठाऊक आहे."

बाईला आपलं गणित आठवलं. बंद यंत्रापासून गणित सुरू केलं की कॉम्प्युटर नऊ दिवस घ्यायचा. एवढा वेळ कुणाला? म्हणून दर खेपेला ती आधीच्या खेपेतलं उडतं कारंजं उचलायची आणि तिथून हवा कमी-जास्त करायची. तिच्या कॉम्प्युटरवर यंत्र कधी बंदच नव्हतं.

मॅनेजर मात्र त्याच्याकडे वळला. "म्हणजे तुला माहीत होतं. आणि ब्लोअर मागवला तेव्हा तोंड शिवून बसलास? बायकोशी भांडण आहे म्हणून?"

तो भिंतीकडे बघू लागला.

"बाईंचं गणित चुकलं, ते सुधारता येईल. तू मात्र डोळ्यांदेखत यंत्र बुडू दिलंस. हा निव्वळ खुनशीपणा झाला. उद्यापासून येऊ नकोस."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग हातमोजे काढले, जुन्या यंत्राच्या पायरीवर ठेवले आणि दाराकडे चालू लागला.

तिने फक्त गप्प बसायचं होतं. पाच महिने तिला तेच तर उत्तम जमलं होतं. सकाळी स्कूटरवर बसताना तिने मनात हेच मागितलं होतं, की आज याची खोड मोडू दे. तो दारापर्यंत पोचला. जुन्या यंत्रात बी चाळीसवर खळखळत होतं.

"साहेब," ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाली, "साहेब, ह्यांनी सांगितलं होतं. ब्लोअरच्या मागणीचा कागद मी पाठवायच्या आदल्या दिवशी, घरी, दोघंच जेवताना. म्हणाले, तुझ्या गणितात यंत्र सुरू कधी करतात? मी ताटावरून उठले. त्या दिवसापासूनच मी ह्यांच्याशी बोलत नाही."