बेटावर अडकलेली विशाखा

केसरबाईंनी सुकेशनीच्या गालाला ओला रुमाल लावला, डोक्यावर घट्ट गाठ मारली आणि जरा मागे सरून बघितलं.

"तोंडात लवंग धरून ठेव. काही विचारलं तर नुसतं हूं म्हणायचं."

"पण मावशी, मला तेलुगू बिलकूल येत नाही." सुकेशनी म्हणजे केसरबाईंच्या बहिणीची मुलगी. कालच नांदेडच्या गाडीनं हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर उतरली होती.

"म्हणूनच तर तुझी दाढ काढलीय."

उत्तमराव पेपरात डोकं घालून बसले होते. पेपर कालचा होता. "रोज संध्याकाळी पंचशील म्हणतो आपण," ते पेपरालाच म्हणाले. "चौथं शील काय सांगतं?"

"खोटं बोलू नये. उद्यापासून नाही बोलणार."

राज्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि नव्या सरकारनं एकाच दिवसात घरोघरचा सर्वे काढला होता. त्या दिवशी दुकानं, बसगाड्या सगळं बंद, ज्यानं त्यानं आपापल्या घरी हजर राहायचं, मास्तर येणार, माणूस डोळ्यांनी बघणार, मगच नाव लिहिणार. ज्याचं नाव नाही तो इथला नाही, त्याला पुढं नोकरी नाही, अशी आवई उठली होती. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जन्म इथं घालवूनही ज्यांना शेजारी 'मराठीवाले' म्हणतात, त्यांना आवईसुद्धा पुरते.

आणि केसरबाईंची एकुलती एक लेक विशाखा नेमकी देशाबाहेर होती. वर्ष होत आलं, थायलंडातल्या एका विहाराच्या शाळेत ती बिनपगारी इंग्रजी शिकवत होती. परत आली की मास्तरणीच्या नोकरीसाठी अर्ज करणार होती. सर्वेला घरी ये म्हणून आईनं किती विनवलं. तर पोरगी शनिवार-रविवार निवांत काढायला कुठल्याशा बेटावर गेली, नारळाची झाडं आणि निळं पाणी असा फोटो पाठवला, आणि वारं सुटून होड्या बंद झाल्या म्हणून तिथंच अडकून पडली.

धाकटे दीर दत्तोबा सरकारी शाळेत मास्तर. त्यांनाही सर्वेची ड्यूटी होती. आमचीच गल्ली मागून घ्या, अशी केसरबाईंनी त्यांना गळ घातली होती. पण त्यांची रवानगी झाली पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. मग सुकेशनीला बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सकाळी विशाखाशी बोलणं झालं होतं.

"आई, माझं नाव नको लिहूस गं. मी नंतर बघते."

"नंतर कोण बघतंय? तू जेवणाखाण्याचं काय केलंस ते सांग."

"इथं सगळं बंद आहे. दूधसुद्धा कालच आणून ठेवलंय. ठेवते आता, कुणीतरी येईल."

फोन ठेवल्यावर केसरबाईंना भरून आलं. परक्या मुलखात, पाण्याच्या मधोमध, लेकरू शिळं दूध पितंय. काही झालं तरी तिची या घरातली जागा जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दुपारी कडी वाजली. मास्तर तरणाताठा होता, घामानं भिजलेला. रेशनकार्ड बघून उत्तमरावांचं नाव लिहिलं, केसरबाईंचं लिहिलं, मग पेन थांबलं.

"विशाखा कौन?"

केसरबाईंनी सुकेशनीला पुढं ढकललं.

"एम् चदुवुकुन्नावम्मा?" मास्तरनं विचारलं. काय शिकलीस.

"हूं," सुकेशनी म्हणाली.

"दाढ निकाले सर कल," केसरबाई घाईनं म्हणाल्या. "बी.एड. है. लिखो तुम."

मास्तरची नजर भिंतीवर गेली. तिथं काळ्या गाऊनमधली विशाखा पदवीचं भेंडोळं धरून हसत होती. त्यानं फोटोकडे बघितलं, सुकेशनीकडे बघितलं. फोटो काढून ठेवायचा साधा विचार आपल्याला सुचू नये?

"रुमाल निकालो जरा."

सुकेशनीचा हात गाठीकडे गेला. आता नाव जाणार, आणि वर खोटेपणाचा ठपका बसणार.

"नक्को सर." उत्तमराव उठून उभे राहिले होते. हातातला पेपर खाली पडला होता. "टाके पडे सो हैं. मेरी बेटी है वो. बाप झूट बोलेगा क्या?"

मास्तरनं त्यांच्या पिकल्या केसांकडे बघितलं. मग मान हलवून नाव लिहिलं.

तो गेल्यावर उत्तमरावांनी पडलेला पेपर उचलून पुन्हा त्यात डोकं घातलं. केसरबाईंनी मात्र सुकेशनीचा रुमाल सोडला, तिच्या तोंडात साखर घातली आणि डोळे पुसले. लेक इथली झाली होती. आता तिनं खुशाल बेटावर आराम करावा.

ही बातमी द्यायला त्यांनी विशाखाला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावणार तोच हातातला फोन वाजला. दत्तोबा होते.

"वहिनी, विशाखाचं नाव लिहिलंत का तुमच्याकडं?"

"लिहिलं की. तुमच्यावाचून अडलं नाही भावजी."

पलीकडून दत्तोबा आवाज खाली आणून म्हणाले, "मी इथं कुकटपल्लीत एका घराच्या जिन्यात उभा राहून बोलतोय. या घरची सून म्हणून तिचं नाव मी आत्ताच लिहिलं. पाणी घेऊन तीच समोर आली."