मालकांचा खोकला

दोन वर्षं खोकून खोकून सुताराची बायको गेली. मग एके दिवशी त्याने तिचं भिंतीतलं कपाट उचकटलं, तर मागची अख्खी भिंत बुरशीने काळी पडलेली.

घरमालक हसले. "मेस्त्री, बायको गेली म्हणून भिंतीवर आळ घेता? रंगाचा एक हात मारला की भिंत नव्या नवरीसारखी!"

सुताराने घर सोडलं. रंग मारून मालक स्वतःच तिथे राहायला आले.

चार महिन्यांनी रस्त्यात गाठ पडली. "मेस्त्री, खोकून बरगड्या मोडल्या हो. बाहेर पडलो की बरं वाटतं, घरात शिरलो की पुन्हा सुरू. काय करू, सांगा."

सुताराने मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.



"बाहेरची हवा बाधतेय, मालक. खिडक्या घट्ट लावा आणि घरातच पडून राहा."