पेटती चूल

"माय, चूल नको पेटवू," नवल दबक्या आवाजात म्हणाला. "घरात मयत हाये."

"हळू बोल. पोरगी वाचून राह्यली." ताईबाईनं चुलीत कपाशीच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या सारल्या आणि फुंकणी तोंडाला लावली.

ओसरीत पुनम बारावीची केमिस्ट्री मोठ्यानं घोकत होती. रोजच्यासारखीच, आबाच्या खाटेला टेकून. आबाला अक्षर येत नव्हतं, पण नातीचं वाचणं ऐकल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. पहाटे तो गेला, हे फक्त त्याच्या बायकोला आणि लेकाला ठाऊक होतं. मेलेल्या माणसाला खाली जमिनीवर घेतात. ताईबाईनं घेतलं नव्हतं. तोंड भिंतीकडे वळवून वर गोधडी घातली होती.

"लोक काय म्हनतीन?"

"लोक तिचा आजचा पेपर लिहिनार हायेत का? मागच्या साली याच पेपरात राह्यली. आता राह्यली तं लगीन लावून टाकू, असं कोन म्हने?"

नवलच म्हणाला होता.

"आजी, आबा आज उठत काहून नाही?" ओसरीतून आवाज आला.

ताईबाई पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. "रातभर खोकला, निजू दे. अन् त्याची झोप तुले म्हाईत नाही. तरणा असताना केळीच्या वॅगनीत निजला, तो थेट दिल्लीले गेला. तथच्या हमालानं घड समजून काट्यावर ठेवला. व्यापाऱ्यानं भाव बी केला. तरी हा घोरूनच राह्यला!"

"मागच्या खेपेले तं कलकत्ता म्हने तू."

"कलकत्त्याले दुसऱ्यांदा गेला."

पुनम हसली. मग तिचं लक्ष बापाकडे गेलं. "पप्पा, डोळे काहून लाल झाले?"

"कांदा चिरला त्यानं," ताईबाई म्हणाली.

नवलनं जन्मात कांदा चिरला नव्हता.

पुनमनं अर्धे पोहे खाल्ले, ताटली बाजूला ठेवली, हॉल तिकीट पाहिलं आणि पाया पडायला उठली. आधी आजीच्या, मग बापाच्या. मग खाटेकडे वळली. ताईबाईनं सगळ्याचा विचार केला होता. पेपरला जाताना पोरगी पाया पडेल, एवढंच राहून गेलं होतं.

पुनमनं गोधडी बाजूला केली आणि दोन्ही हात आबाच्या पायांवर ठेवले. ते तिथंच राहिले.

चुलीत पऱ्हाटी तडतडली.

"पाय गार हायेत आबाचे," ती म्हणाली.

"दारातून वारा येते."

वारा नव्हता. अंगणातल्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

पुनमनं गोधडी खाली ओढली, कडा पायांखाली नीट खोचल्या. मग ती पुन्हा खाली बसली. उरलेले पोहे घास घास करून संपवले. ताटलीत दाणा ठेवला नाही.

"चाला पप्पा."

मोटारसायकल सुरू झाली, तशी ती मागे बसून पुन्हा घोकायला लागली. रोजच्यापेक्षा किती तरी मोठ्यानं. "इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडेशन! घेणं म्हणजे रिडक्शन!" शेजारणी दारात येऊन बघायला लागल्या.

ताईबाई उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत होता. तो पार ऐकू येईनासा झाला, तेव्हा ती आत गेली आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं.