विसावं चित्र

पाळी संपायला पंचावन्न मिनिटं होती आणि विसावं चित्र अजून आलं नव्हतं.

विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रासमोर घार बसली होती. नजर तीक्ष्ण म्हणून सोबतच्यांनी कधीकाळी ठेवलेलं हे नाव. नजर आता तशी राहिली नव्हती, नाव तेवढं राहिलं होतं. पट्ट्यावरून बॅगा सरकत होत्या आणि पडद्यावर त्यांची पोटं उघडी पडत होती. चपला, चार्जर, औषधाच्या बाटल्या. बारा वर्षं तेच. कुणाच्या बॅगेत काय निघतं याचं तिला आता काही म्हणता काही वाटत नसे.

यंत्राला एक खोड होती. तपासणारा जागा आहे की नाही हे बघायला ते अधूनमधून एखाद्या भल्या माणसाच्या बॅगेत पदरचं हत्यार दाखवायचं. कधी सुरा, कधी पिस्तूल, कधी तारा जोडलेला बाँब. सगळी नुसती चित्रं. लाल बटण दाबलं की चित्र पुसलं जायचं आणि हिरवी अक्षरं यायची: ‘शाबास. ही चाचणी होती.’ महिन्याला अशी वीस चित्रं. त्यातली सोळा पकडली तर खुर्ची राहिली, नाहीतर पार्किंगच्या फाटकावर जाऊन गाड्यांच्या डिक्क्या उघडायच्या, तेही रात्रपाळीत. आज महिन्याचा शेवटचा दिवस. एकोणीस चित्रं येऊन गेली होती, घारीने पकडली होती पंधरा. आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. घरात तिसरं माणूस नव्हतं.

परवा कुठल्याशा दूरच्या विमानतळावर बाँब फुटला होता. तेव्हापासून समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत चार विद्वान सकाळ-संध्याकाळ भांडत होते. एक म्हणे, माणसं डुलक्या काढतात, सगळं यंत्रावर सोपवा. दुसरा म्हणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बूट काढायला लावता, ही काय सुरक्षा झाली? रांगेतही तेच चाललं होतं.

“आम्ही काय अतिरेकी दिसतो का हो?” एक आजोबा कमरेचा पट्टा काढता काढता म्हणाले. घारीने मान वर केली नाही.

तेवढ्यात एक तपकिरी बॅग आत आली. दाढीच्या सामानाखाली, मोज्यात गुंडाळलेलं पिस्तूल. नळी, चाप, सगळं लख्ख. घारीचा जीव भांड्यात पडला. आलं बाई एकदाचं! तिने बटण दाबलं.

पट्टा थांबला. चित्र मात्र पुसलं गेलं नाही. तिने पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘चाचणी नाही. बॅग उघडा.’

“अरे देवा,” ती म्हणाली, “खरं आहे की हे.” दूध नासल्यावर म्हणावं तशी म्हणाली.

बॅगा उघडायला बसणाऱ्या मामांनी हातमोजे चढवले. मोजा उलगडून त्यांनी पिस्तूल बाहेर काढलं. आत सहा गोळ्या होत्या. बॅगेचा मालक, चांगला सुटाबुटातला गृहस्थ, पांढराफटक पडला. “परवाना आहे हो माझ्याकडे! घाईघाईत भलतीच बॅग उचलली!” तो सांगत राहिला आणि पोलीस त्याला घेऊन गेले.

“घार बसलीय तोवर उंदीर सुटतोय होय!” मामा ओरडले. रांगेने टाळ्या वाजवल्या. मघाचे आजोबा सगळ्यात जोरात वाजवत होते. घार भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“साहेब, मी बसू का परत?” धावत आलेल्या पाळीप्रमुखांना तिने विचारलं. “अजून अर्धा तास आहे.”

“वेड लागलंय का? चला, जबाब लिहायचाय.”

केबिनमध्ये साहेबांनी तिच्यापुढे चार पानी फॉर्म ठेवला, पाणी मागवलं, दोनदा शाबासकी दिली.

“हे धरतील ना, साहेब? सोळावं म्हणून?”

साहेबांनी चष्मा काढला. “यंत्र स्वतः दाखवलेलंच मोजतं हो. खरं कसं मोजेल?”

“आणि विसावं राहिलंय, ते?”

“बघितलं नाही म्हणजे चुकलं, असंच धरतं ते.”

“तुम्ही वर एक शब्द टाका ना.”

साहेब माणूस वाईट नव्हता. “टीव्ही ऐकताय ना? माणसांवर सोडू नका, यंत्राचं ऐका, म्हणून सगळं गाव बोंबलतंय. अशात मी यंत्राचा आकडा फिरवू? उद्या माझीच खुर्ची जायची.”

घार लिहीत गेली. बॅगेचा रंग, वेळ, पट्ट्याचा क्रमांक. शेवटचा रकाना होता: ‘धोकादायक वस्तू दिसल्यावर काय वाटलं?’ तिथे पेन थांबलं. आधी हायसं वाटलं होतं, मग वाईट वाटलं होतं. भीती तिने शोधून पाहिली, सापडली नाही.

“भीती वाटली, असं लिहा,” साहेब म्हणाले. “सगळे तेच लिहितात.”

तिने तेच लिहिलं. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

“साहेब,” तिने विचारलं, “फाटकावरून रात्री मधे एकदा घरी जाऊन येता येतं का?”