बाची चाती
मेढीला अडकवलेली चाती टक्कन भुईवर पडली आणि खोपटातली शांतता मोडली. ठकूनं बाची लोकर कातायची चाती उचलून पोटाशी धरली. बाला भोरच्या मोर्चातून शिपायांनी धरून नेल्याचं सारजानं लेकीला सांगितलंच नव्हतं. "आये, त्या म्हाताऱ्या महात्म्याची गोष्ट सांग." "त्यो आपल्यातलाच, धनगर!" सारजा म्हणाली. "हातात काठी, दिवसभर कातत बसतोय, दूध पितोय त्येबी शेळीचं. दुसरं कोण असंल?" "मुंडासं न्हाई त्येला?" "दिलं असंल कुणाला तरी. आता सरकारनं डांबलंय त्येला." "त्येची शेरडं कोण राखतंय?" सारजाला आयतीच वाट सापडली. "तुझा बा! म्हणून तर घरी येत न्हाई." ठकू हरखली. मग चातीवरचा अर्धवट धागा बोटाभोवती गुंडाळताना थांबली. शेरडांमागं जाताना बा भाकरी विसरायचा, चाती कधीच नाही. "आये, मंग ही हितंच कशी राहिली?"