परत केलेली जागा

सासूबाईंना सुनेचं एकच वागणं खुपत होतं. मुलगा वारून वर्ष होत आलं, तरी त्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ती बंद करू देत नव्हती. त्याचा अर्धवट प्रोग्राम आत अजून चालू होता, आणि रोज दुपारी भरल्या ताटावरून उठून ती त्यातली शून्यं बघत बसायची.

"आई, ह्यांनी ॲरेसाठी कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा मागून घेतली होती," सून सांगायची. "ॲरे म्हणजे ओळीनं खोकी, सगळ्यांत शून्य. पॉइंटर म्हणजे त्या जागेचा पत्ता. काम झालं की जागा परत करायची असते."

"मग कर की! शून्यं राखायला तू काय पहारेकरी आहेस? चार घास खा, माणसांत ये."

सासूबाईंचा शब्द घरात कुणी मोडत नसे. सुनेनं डोळे पुसले आणि जागा परत केली.

पॉइंटरमध्ये पत्ता मात्र तसाच राहिला. परत केलेल्या जागेत डोकावू नये, तिथे कसलाही कचरा सापडतो, असं तीच म्हणायची. तरी सवयीनं तिनं डोकावलंच.

शून्यं गेली होती. खोक्यांत एकेक अक्षर उमटत होतं. सून तोंडावर हात धरून बसली, तेव्हा जेमतेम दुसरी शिकलेल्या सासूबाईंनीच चष्मा चढवून अक्षराला अक्षर जोडत खोक्यांतलं वाचलं:

"आई, मी आता कुठे बसू?"

सासूबाईंनी चष्मा उतरवला. मग नेहमीच्याच करड्या आवाजात त्या सुनेला म्हणाल्या, "माझं ऐकलंस, तिथंच चुकलीस. त्याची जागा परत मागून घे."