झूम नसलेली भेट

“ताई, लेन्स स्वस्त आहे, पण हिला झूम नाही. जास्त माणसं मावायला आपल्यालाच मागं सरकावं लागतं,” दुकानदारानं बजावलं होतं. “सरकतील की!” म्हणत शीतलनं ती फोटोग्राफर नवऱ्याच्या वाढदिवसाला घेतली.

आवडेल का, ही धाकधूक. सुरज तर नाचायलाच लागला! “लेकराला घेऊन उभी राहा!”

सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सुरज मागं सरकला. “मला काहून वगळून राहिला रे?” म्हणत आत्याबाई आल्या. मग शेजारीण, तिच्या चार सुना. वाळत घातलेल्या हळदीतून, फाटकातून, सुरज हसत मागंच. आता तो दिसतच नाही, आणि इकडं माणसं येऊनच राहिलीत.

वसमत रस्त्यावर कुणी पिवळ्या पायांनी उलटा चालताना दिसला, तर मागं विहीर नाही ना, तेवढं बघा हो!